बुचाचा वास

१

मँगनीज खाणीच्या साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्याच क्षणी तो घोट पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर थुंकून टाकला.

"लसूण!" ते ओरडले. "अहो, ही वाइन आहे की लोणचं?"

हॉटेल नीलकमलच्या हॉलमध्ये कुणी चमचासुद्धा वाजवेना. साहेबांच्या उजव्या हाताला ताराचंद रामटेके बाटली धरून उभा होता. डाव्या हातावर नॅपकिन, बाटलीचं लेबल पाहुण्याकडे, मान किंचित वाकलेली. सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम होतं. फक्त पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी कोपऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या टेबलावर वरण-भात खात होतो. मी आनंदराव भोंगाडे, दारूबंदी खात्यातला निवृत्त इन्स्पेक्टर. पारशिवनीकडच्या जंगलात मोहाची भट्टी कुठे लागली आहे, हे मला जीपमध्ये बसल्या बसल्या नाकाने कळायचं. उभी हयात मी भट्ट्या फोडल्या, स्वतः थेंब चाखला नाही. पुढे सरकारनेच परमिट रूमला परवानगी दिली आणि माझ्या नोकरीचं मुसळ केरात गेलं. तरी मी रोज दुपारी याच परमिट रूमवाल्या हॉटेलात जेवतो, कारण बायको, कुसुम, गेल्यापासून धरमपेठेतल्या घरात मी चूल पेटवत नाही. एकट्याने जेवायचा मला कंटाळा आहे. खरं सांगायचं तर भीतीच वाटते.

तर त्या दुपारी परीक्षा होती. हॉटेलचे मालक मनोहरराव धोटे मूळचे लकडगंजातले सागवानाचे व्यापारी. सदरमध्ये हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच भूत होतं, आपल्याकडे वाइन मुंबईच्या मोठ्या हॉटेलांसारखीच वाढली गेली पाहिजे. म्हणून त्यांनी गोपाळराव गावंडे यांना शिकवायला ठेवलं. गोपाळरावांचं आयुष्य बोटींवर साहेबलोकांना वाइन वाढण्यात गेलेलं. रोज ते वेटर पोरांचा वर्ग घेत. बाटली कशी दाखवायची, बूच आवाज न करता कसं काढायचं, थेंब सांडू नये म्हणून मनगट कसं वळवायचं, यजमानाला आधी घोटभरच का द्यायची. शिकाऊ हातांत खरी वाइन कोण देणार? सराव चाले तो जुन्या बाटल्यांत भरलेल्या बिटाच्या पाण्यावर. खरी बाटली एकच होती, मुंबईहून आणलेली, परीक्षेसाठी कपाटात कुलपात ठेवलेली.

ताराचंदने ती बाजूच्या टेबलावर उघडली होती. बूच गोपाळराव सरांच्या हाती दिलं. सरांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, आणि मान डोलावली. मग ताराचंद बाटली घेऊन लाकडी पडद्याला वळसा घालून पाहुण्यांकडे आला. तो माझ्याजवळून गेला तेव्हा लसणाचा भपकारा मलाही आला होता. पण हॉटेलात लसणाचा वास यायचा नाही तर काय अत्तराचा?

मनोहरराव ताडकन उठले आणि त्यांनी भरल्या हॉलमध्ये ताराचंदची कॉलर धरली.

२

"तुमी चोर पकडणारे माणूस, आनंदरावसाहेब," मनोहरराव मला बाजूला घेऊन म्हणाले. "माही खरी बाटली कुठी गेली, तेवढं शोधून द्या. उद्या दोघायलेही पोलिसात देतो."

दोघं म्हणजे ताराचंद आणि स्वयंपाकघरातली पंचफुलाबाई. लसणाचं ते लाल पाणी तिने लोणच्यासाठी भरलेल्या बरणीतलं निघालं होतं.

"त्यांनीच केलं कशावरून?" मी विचारलं.

"सोपं आहे. सरांनी बुचाचा वास घेतला, मान डोलावली. म्हणजे तोवर वाइन खरी होती. साहेबाच्या ग्लासात गेली तवा खोटी. मधात काय आहे? तो पडदा. पडद्यामागं किचनचं दार. यानं खरी बाटली बाईले देली, अन् बाईनं खोटी याच्या हातात देली."

"पण कशासाठी?"

"यानं मले पक्की नोकरी मागितली होती. मी म्हटलं, आधी परीक्षा पास हो. त्याचा राग काढला न् माही इज्जत घालवली!"

बोलण्यात खोट दिसेना. गोपाळराव सरांचं नाक म्हणजे नीलकमलमध्ये ब्रह्मवाक्य होतं.

ताराचंद कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसला होता. खापरखेड्याच्या पॉवर हाउसच्या वसाहतीतलं बौद्ध कुटुंब. वडील कोळशाच्या कामावर होते, आता छातीच्या दुखण्याने घरी. घर त्याच्यावर.

"चोरीचा डाग लागला तं मले कोण ठेवन, साहेब?" तो म्हणाला. "कोणत्या हॉटेलात ट्रे धरू देतीन? बाबा तं हे ऐकूनच मरन."

"एक सांग. बूच काढल्यावर तुला वास आला नाही?"

"आला ना जी. लसणाचा आला."

"मग बोलला काहून नाहीस?" माझ्याही तोंडी त्याचीच भाषा आली.

"सरांनी मान डोलावली ना! आमी सारे बिटाच्या पाण्यावर शिकलो. खरी वाइन आमच्यातल्या कोणं पायली? मले वाटलं, विलायती मालाचा वासच असा असन. सर हो म्हणून राहिले, अन् मी शिकाऊ माणूस नाई म्हणू?"

दुसऱ्या कुठल्या प्रसंगी मी पोट धरून हसलो असतो. वास घ्यायला शिकवणारा वर्ग, आणि कशाचा वास घ्यायचा तेच कुणाला ठाऊक नाही!

"सर तरी तुम्हांला सांगत असतील ना, वाइनचा वास कसा असतो ते?"

"सर आमालेच विचारत. काय वास येते, तू सांग. सोता कधी सांगत नसत. लय चांगले मास्तर आहेत जी. अजून एक झालं. बाटलीच्या तोंडावर पत्र्यासारखी पातळ टोपी असते, ते चाकूनं गोल कापा लागते. मी चाकू टेकवला न टेकवला, तं ते अशीच हातात आली."

मी बाजूच्या टेबलाकडे गेलो. टोपी अजून बशीत पडलेली होती. कड एका दमात कापलेली, गोल आणि साफ. आणि आतल्या बाजूने वाळलेल्या डिंकाची बारीक रेघ.

बाटली आज पडद्यामागे बदलली नव्हती. ती त्याआधीच कुणीतरी उघडून, भरून, परत चिकटवून ठेवली होती.

मग सरांनी मान कशी डोलावली?

३

गोपाळराव सर हॉटेलच्या मागच्या अंगाला एका खोलीत राहत. मी गेलो तेव्हा ते खुर्चीत ताठ बसलेले होते, अंगात अजून तोच काळा कोट. हाताशी स्टोव्हवर दूध ठेवलेलं. भिंतीला लागून एक पत्र्याची पेटी, झाकण उघडं, आत घडी घातलेल्या साड्या.

"शामलाची," माझी नजर गेलेली पाहून ते म्हणाले. "रोज उघडतो एकदा."

"कशाला?"

"सवय, दुसरं काय."

मला पुढे विचारवलं नाही. कुसुमची साडी माझ्याही दांडीवर अजून तशीच आहे. काढायचं धाडस होत नाही.

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात, सर?"

"एक मनोहररावांकडे, एक माझ्याकडे."

"टोपीला डिंक होता."

त्यांचा हात कोटाच्या बटणावर गेला. "मुंबईहून येतानाच सैल झाली असेल. पुष्कळदा होतं तसं."

"आणि बूच?"

"बूच उत्तम होतं. मी स्वतः वास घेतला, तुम्ही बघितलंच."

एवढ्यात करपल्याचा उग्र वास माझ्या नाकात शिरला. दूध उतू जाऊन पातेल्याच्या अंगाने खाली आलं होतं, तळ काळा पडत चालला होता. स्टोव्ह त्यांच्या कोपराशी होता, मी दाराशी.

"सर, दूध!"

ते दचकून वळले, पातेलं उचलताना बोटं भाजून घेतली. "लक्ष नव्हतं," पुटपुटले.

माणसाचं बायकोच्या पेटीत लक्ष असेल तर दुधाकडे कुठून राहणार, असं मी मनाशी म्हटलं आणि निघालो. दाराबाहेर पडलो तरी ते दूध काही माझ्या डोक्यातून जाईना.

४

पंचफुलाबाई रडत नव्हती, चांगलीच तापली होती.

"पाहा ना साहेब, ह्या दोन बरण्या," तिने फळीवर बोट दाखवलं. दोन्ही काचेच्या, दोन्हींत लाल पाणी. "डावीकडची वर्गाची, नुस्तं बीट. उजवीकडची माह्या बिटाच्या लोणच्याची. लसूण कुटून टाकला, हिंग टाकला, मोहरी टाकली. काल दुपारी मी घरी गेली अन् परत येऊन पायते तं लोणच्याचं पाणी कमी. वर्गाची बरणी जशीच्या तशी."

"दुपारी इथे कोण असतं?"

"कोणी नसते. सारे आंग टाकतात. कोणीबी येऊन जाईन."

"बरण्या सारख्याच दिसतात. तुझ्या हातून कधी चूक होत नाही?"

"डोये मिटले तरी नाई होत! झाकण काढा न् पाहा."

मी झाकण काढलं. डोळ्यांत पाणीच आलं. बरणीपासून हातभर लांब असतानाही चुकायची सोय नव्हती.

मी मागच्या पायरीवर येऊन बसलो. सगळं सरळ मांडून बघू, म्हटलं. खरी वाइन ज्याने काढली, त्याने बाटली पुन्हा भरली, बूच बसवलं, टोपी चिकटवली. म्हणजे त्याला हे लपवायचं होतं. मनोहररावांची इज्जत घालवायची असती, तर डिंक लावत कोण बसतं? आणि लपवायचंच होतं, तर वर्गाचं बिटाचं पाणी सगळ्यांत सोयीचं. अहो, त्या टेबलावरच्या निम्म्या पाहुण्यांनी ते पिऊन वाहवा केली असती, आणि उरलेल्यांनी न कळूनही मान डोलावली असती.

तरी त्याने लसणाचं पाणी भरलं. म्हणजे आपण वर्गाचंच पाणी भरतो आहोत, अशी त्याची समजूत होती. झाकण काढलं, पाणी ओतलं, बाटली भरली, बूच लावलं, आणि एवढ्या वेळात त्याला तो वास आला नाही.

कपाटाची किल्ली जवळ असलेला, टोपी एका दमात साफ कापणारा, आणि करपलेलं दूध कोपराशी असून न कळणारा माणूस.

मनोहररावांचं बोलणं पुन्हा आठवलं. सरांनी मान डोलावली, म्हणजे तोवर वाइन खरी होती. सगळा आरोप त्या एका नाकावर उभा होता, आणि ते नाक तपासायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मला त्या विचाराचा आनंद झाला नाही. मी हॉलमध्ये गेलो, टोपीशेजारी बशीत ठेवलेलं ते बूच रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं. मग कंदिलातल्या घासलेटात बुडवून ठेवलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बूच कोरडं पुसून पुन्हा सरांच्या खोलीवर गेलो. पोलिसांना बोलवायला मनोहरराव अजून आले नव्हते.

"सर, कालचं बूच आणलंय. एकदा नीट पाहून सांगा, म्हणजे माझं समाधान होईल."

त्यांनी बूच दोन बोटांत धरलं, डोळे मिटले, नाकाशी नेलं. काय डौल होता त्या हाताला! "जुनं लाकूड," ते म्हणाले. "मागून थोडं जांभूळ. उत्तम आहे."

"सर, मी ते रात्रभर घासलेटात ठेवलं होतं."

त्यांनी डोळे उघडले. बूच हळूच टेबलावर ठेवलं, जणू ते फुटेल.

"दोन हिवाळे झाले," ते म्हणाले. "ताप आला होता. तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल. शामलाच्या साड्यांच्या घडीत वाळा आहे, तिने स्वतः ठेवलेला. ती गेली तेव्हा मी पेटी उघडायचो, आणि ती खोलीत असल्यासारखी वाटायची. आता रोज उघडतो. काही नाही. नुसता कपडा. माझी बायको दोनदा गेली हो, आनंदराव."

मी खाली बसलो. उभं राहणं बरं वाटेना.

"वाटलं, खऱ्या वाइनने नाक जागं होईल. त्याच वासावर माझं आयुष्य गेलं. ग्लासात ओतली, फिरवली, नाक खुपसलं. पाणी! हवा लागू दिली, पुन्हा ओतली. अख्खी दुपार तेच करत बसलो. शेवटी चिडून राहिलेली मोरीत ओतली. मग भानावर आलो, आणि बिटाचं पाणी भरलं. बिटाचंच समजून."

"आणि ताराचंद?"

ते पेटीतल्या साड्यांची घडी सारखी करू लागले.

"त्याला पोलिसात देतायत, सर."

"सांगितलं तर वर्ग जाईल," ते अगदी हळू म्हणाले. "दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच पोरं आहेत. सर म्हणणारं दुसरं कोणी नाही मला."

मला संताप आला. "त्याच पोरांतल्या एकाचा बळी देऊन वर्ग चालवणार?" मी ओरडलोच. ओरडता ओरडता मला नीलकमलमधलं माझं कोपऱ्यातलं टेबल आठवलं. मी तरी तिथे वरण-भातासाठी कुठे जातो? मी ज्यांना पकडलं त्यांची कधी कीव केली नव्हती. त्या सकाळी मात्र केली.

सर उठले. कोटाची बटणं लावली, नॅपकिनची घडी डाव्या हातावर टाकली.

"चला," ते म्हणाले. "पोरं वर्गाला जमली असतील."

६

त्यांनी सगळ्या वर्गासमोर, मनोहररावांसमोर, काही हातचं न राखता सांगितलं. मनोहररावांनी टेबलावर मूठ आपटली, नको ते बोलले, सरांना खोली सोडायला सांगितली. पण सरळ मनाचा माणूस. पंचफुलाबाईसमोर त्यांनी हात जोडले, आणि ताराचंदकडे मात्र त्यांना बघवेना.

"परीक्षेचा निकाल राहिलाय," सर म्हणाले. "ताराचंद पास. बाटली धरण्यात, बूच काढण्यात, वाढण्यात, कुठेच चूक नाही. चूक एकच. वास आला की बोलायचं, ताराचंद. मास्तरने मान डोलावली तरी बोलायचं."

ताराचंदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मनोहररावांनी तिथल्या तिथे त्याची नोकरी पक्की केली.

सर शामलाची पेटी आणि एक वळकटी घेऊन रस्त्यावर उभे होते. कुठे जाणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी रिक्षा थांबवली आणि पेटी आत ठेवली. माझ्या घरात दोन खोल्या नुसत्या धूळ खात होत्या. त्यांनी "कशाला, कशाला" केलं. मी म्हटलं, "मला जेवायला सोबत पाहिजे. गप बसा."

तेव्हापासून घरची चूल पुन्हा पेटते. वरण कधी माझं करपतं, कधी त्यांचं. सकाळी अंगणात चहा घेताना ते विचारतात, "आज काय?" आणि मी सांगतो. शेजारच्या सिंधूताईंच्या घरी कढीपत्त्याची फोडणी पडली. कुणीतरी पालापाचोळा जाळतंय. हातगाडीवर संत्री आली आहेत, साल अजून हिरवी असावी. ते डोळे मिटून ऐकतात. मला पूर्वी हे वास यायचे, पण सांगायचे कुणाला?

एका रविवारी ताराचंद आला. नीलकमलमध्ये आता तोच नव्या पोरांना शिकवतो. त्याने पिशवीतून बाटली काढली, तळाशी चार बोटं वाइन.

"पाहुण्यांनी सोडली जी. मालकांनीच म्हटलं, सरांकडं ने म्हणून."

त्याने ती रीतसर दाखवली, लेबल सरांकडे करून. बूच काढलं, आणि सवयीने सरांपुढे केलं. सरांनी ते घेतलं, क्षणभर हातात फिरवलं, आणि माझ्या हातात दिलं.

"तुम्ही सांगा."

जन्मभर या मालासाठी लोकांना आत टाकणारा मी, ते बूच नाकाशी धरून बसलो. "जांभूळ आहे," मी म्हणालो. "ओलं लाकूड."

"आणि?"

आणखी काही नव्हतं. सर पुढे झुकून, डोळे मिटून वाट बघत होते. त्यांच्यामागे दारातून शामलाची पेटी दिसत होती. झाकण नेहमीसारखं उघडं.

"आणि वाळा," मी म्हणालो. "जुन्या साड्यांच्या घडीतला असतो ना, तसा."

त्यांचे ओठ हलले. "खरंच? नक्की?"

मी काही बोलायच्या आत ताराचंदने माझ्या हातून बूच घेतलं. आता हा खरं बोलणार, वास आला की बोलायचं आणि नाही आला तरी बोलायचं, हे याला सरांनीच शिकवलंय, म्हणून मी घाबरलो. त्याने ते नाकाशी धरलं, सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हो जी, सर," तो म्हणाला. "येऊन राहिला."

आणि त्याने मान डोलावली.